साडेपाच अधिक तीन अधिक तीन

रत्नागिरी स्टेशनवर रात्री तुतारी एक्स्प्रेसची वाट बघत कधी उभे राहिलात, तर गर्दीतली काही माणसं लगेच ओळखू येतात. सामान बेताचंच, पण हातात एक मोठी प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एक्स-रेचं पाकीट, स्कॅनच्या फिल्म आणि रिपोर्टांची फाइल. बाकीची बॅग बर्थखाली जाते, ही पिशवी मात्र उशाशी राहते. सकाळी गाडी दादरला पोचली की ही माणसं परळची वाट धरतात. आपल्याकडे 'टाटाला नेलंय' एवढं कुणी म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही.

मध्यंतरी एका ज्युनिअर कॉलेजात करिअरवर गप्पा मारायला गेलो होतो. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "सर, कॅन्सरचा डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात?" मी म्हटलं, "बारावीनंतर साडेअकरा. कमीत कमी." वर्गात 'बाप रे' असा एकच आवाज झाला आणि ती खाली बसली. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. तिचं खाली बसणं तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून उरलेलं उत्तर आज इथे देतोय.

आधी सरळ हिशेब. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. मग एमडी किंवा एमएस, तीन वर्षं. मग डीएम किंवा एमसीएच हे त्याच्याही वरचं शिक्षण, आणखी तीन. बेरीज साडेअकरा. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर तिशी येते. मध्ये एखादा ड्रॉप, सरकारी कॉलेजातून शिकल्यावर करावी लागणारी बंधपत्राची सेवा, प्रत्येक प्रवेश परीक्षेच्या तयारीचे महिने, हे धरलं तर बत्तीस-तेहतीस. तुमचा इंजिनीअर झालेला मित्र तोवर दोनदा नोकरी बदलून, फ्लॅटचे हप्ते भरत असेल. हे कुणी लपवून सांगू नये. शिकवणीच्या जाहिरातीत हे नसतं.

पहिलं दार अर्थातच नीट. आपला कोकण विभाग बोर्डाच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो आणि निकालाच्या दिवशी आपण कॉलर ताठ करून फिरतो. फिरावंच. पण बोर्डात पहिलं येणं आणि नीटमध्ये टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. नीटचे गुण ७२०, त्यातले ३६० एकट्या बायॉलॉजीचे. तरी बरीच मुलं वर्षभर फिजिक्सच्या धास्तीत राहतात आणि बायॉलॉजी 'ते काय, वाचून होईल' म्हणून शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलतात. पेपर मराठीतून देता येतो, पण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून आहे हे लक्षात ठेवून भाषा निवडा. आणि लातूरला किंवा पुण्याला गेल्याशिवाय नीट होतच नाही, असं जे आपल्या पालकांच्या मनात बसलंय, त्यावर माझा विश्वास नाही. शिस्त लागते हे खरं. ती खोली भाड्याने घेऊन मिळतेच असं नाही.

राज्याच्या कोट्यातल्या ८५ टक्के जागांचे प्रवेश सीईटी सेलकडून होतात, अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांचे दिल्लीच्या समितीकडून. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आपल्यासाठी मोठी गोष्ट अशी, की २०२३ पासून रत्नागिरीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, एमबीबीएसच्या १०० जागांचं. आपलं सिव्हिल हॉस्पिटल आता त्याला जोडलेलं आहे. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या आधीपासून आहे. तुमच्या आईवडिलांच्या पिढीत डॉक्टर व्हायचं म्हणजे मुंबई, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठायचं. आता जयस्तंभावरून रिक्षाने जाता येतं.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी कॅन्सर कुठेच दिसत नाही. शरीराची रचना, त्याचं काम, त्यातलं रसायन. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीच्या तासाला सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या पेशी बघताना तो पहिल्यांदा भेटतो. शिस्तीत रांगेत बसलेल्या पेशी आणि त्यांच्या शेजारी कशाही वाढलेल्या, मोठ्या काळ्या केंद्रकांच्या पेशी. अनेक डॉक्टर सांगतात की त्यांचं ठरलं ते त्या तासाला. आणखी एक गोष्ट नवीन आहे. आता एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं 'दत्तक' दिली जातात. त्यांच्या घरी जायचं, तब्येतीची नोंद ठेवायची. काही जण हे वही भरण्यापुरतं करतात. तुम्ही तसं करू नका, का ते पुढे येईलच.

इंटर्नशिपनंतर नीट-पीजी आणि इथे रस्ता फुटतो. 'कॅन्सरचा डॉक्टर' नावाचा एकच माणूस नसतो. चाकूने गाठ काढणारा तो सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्ट. त्यासाठी आधी एमएस जनरल सर्जरी आणि मग नीट-एसएस देऊन एमसीएच. केमो आणि इतर औषधांनी उपचार करणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, त्यासाठी एमडी मेडिसिन किंवा बालरोग करून डीएम. आणि तिसरा रेडिएशनचा डॉक्टर. याचा रस्ता सगळ्यात छोटा आहे आणि याच्याविषयी मुलांना सगळ्यात कमी माहिती असते. एमबीबीएसनंतर थेट तीन वर्षांचं एमडी रेडिएशन ऑन्कॉलॉजी. म्हणजे साडेआठ वर्षांत तुम्ही पूर्ण कॅन्सरतज्ज्ञ.

या तिसऱ्याजवळ जरा थांबू. आपल्याकडे 'लाईट दिली', 'शेक दिला' असं म्हणतात तेच हे काम. रुग्णाच्या सीटी स्कॅनच्या एकेका कापावर डॉक्टर संगणकावर रेषा काढत जातो. ही गाठ, हा पाठीचा कणा, ही लाळग्रंथी. किरण कुठे जायचे आणि कुठे अजिबात जायचे नाहीत, ते त्या रेषांवर ठरतं. रेष थोडी इकडे झाली तर गाठ सुटते, थोडी तिकडे झाली तर माणसाच्या तोंडाची लाळ कायमची आटते. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला असे ३० ते ३५ डोस असतात, सोमवार ते शुक्रवार, रोज एक. म्हणजे सहा-सात आठवडे. एक डोस काही मिनिटांत उरकतो. आता गुहागरच्या एखाद्या मच्छीमाराचा विचार करा. रोजच्या काही मिनिटांसाठी त्याने सात आठवडे मुंबईत राहायचं, सोबत बायको किंवा भाऊ, इथे होडी बंद. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा माणसांना आसरा देतात म्हणून कित्येकांचे उपचार पुरे होतात. काही जण मात्र वीस डोस झाले, जरा बरं वाटलं की गाडी पकडून घरी येतात. अर्धवट शेक घेतलेला माणूस सहा महिन्यांनी परत जातो तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. रेडिएशनचं यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर घराजवळ असणं म्हणजे काय, ते या हिशेबातून कळतं.

बाकीच्या शाखा एकेका ओळीत. लहान मुलांचे कॅन्सर, रक्ताचे कॅन्सर, स्त्रियांचे कॅन्सर, डोकं-मान या प्रत्येकाचं वेगळं विशेष शिक्षण आता आहे. बरं होण्याची आशा संपल्यावर वेदना सांभाळणारी पॅलिएटिव्ह मेडिसिन ही शाखा आहे. आणि आहे पॅथॉलॉजिस्ट, ज्याला रुग्ण कधी बघतही नाही. 'तुकडा तपासायला पाठवलाय' असं आपण म्हणतो, तो तुकडा त्याच्याकडे जातो आणि त्याने सही केल्याशिवाय बाकीचे तिघं हात लावत नाहीत.

या न दिसणाऱ्या डॉक्टरांतला एक आपल्या लाल मातीतल्या आडनावाचा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर. खानोली म्हटलं की आपल्याला वेंगुर्ला आठवतं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या आणि त्यांच्या स्मृतीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं टाटा मेमोरियल उभं राहिलं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे होती. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात छापला. तंबाखू चघळण्याची सवय आणि गालातली गाठ यांचा संबंध त्यांनी त्या काळात मांडला होता. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. मधली अडुसष्ट वर्षं मोजा. आणि बंदीनंतरही टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. (तुमच्या ग्रुपमध्ये कुणी खात असेल तर त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील तर आजच दातांच्या डॉक्टरकडे न्या. हसण्यावारी नेऊ नका.)

खानोलकरांच्याच हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी केलेल्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी जीवशास्त्र निवडलं आणि कॅन्सरच्या संशोधनात आयुष्य घातलं. १९८२ मध्ये पद्मभूषण. बीएस्सीला बसलेल्या आणि 'नीट नाही निघाली म्हणून इथे आलो' असं पडलेल्या चेहऱ्याने सांगणाऱ्यांनी हे नाव लिहून ठेवावं.

आणि एक नाव. डॉ. सुरेश अडवाणी. आठव्या वर्षी पोलिओ झाला, पाय गेले, व्हीलचेअर आली. मेडिकलला प्रवेश मिळायला हवा तेवढे गुण होते, पण अपंग मुलगा डॉक्टरकी कशी करणार म्हणून आधी नकार मिळाला. ते मंत्र्यांपर्यंत भांडले आणि आत शिरले. पुढे अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकून आले आणि १९८३ मध्ये टाटात भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण त्यांनी केलं. ब्लड कॅन्सर झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि तिला मज्जा देणारा तिचा भाऊ. साडेअकरा हा आकडा ऐकून खाली बसावंसं वाटलं तर हा माणूस आठवा.

आता मूळ मुद्दा. माझी आत्या संगमेश्वराकडे असायची. एका मे महिन्यात अंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. 'दुखत नाय, मग काय दाखवायचं?' असं ती पुढे म्हणाली. पाऊस पडला, लावणी आली. लावणी झाली, गणपती आले. 'गणपती होऊ देत, मग बघू.' मग नवरात्र, मग भातकापणी, मग दिवाळी. मधे श्रावणात ती तापाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात जाऊनही आली होती. तिथे तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. समोर पुरुष डॉक्टर, मागे शंभर माणसांची रांग. ती परळला पोचली तेव्हा गाठ काखेत पसरली होती. शस्त्रक्रिया, केमो, शेक, सगळं झालं. ती अडीच वर्षं जगली.

टाटातल्या डॉक्टरांचं शिक्षण तिच्या बाबतीत कुठेच कमी पडलं नाही. साडेअकरा वर्षं शिकलेली ती माणसं होती, त्यांनी जे करता येईल ते केलं. कमी पडलं ते श्रावणात. त्या दिवशी समोरच्या डॉक्टरने, 'मावशी, छातीत कुठे गाठबीठ लागते का हाताला?' एवढं एकच वाक्य विचारलं असतं, तपासायला पाच मिनिटं काढली असती, तर चार महिने वाचले असते. आणि हे वाक्य विचारायला डीएम लागत नाही, एमसीएच लागत नाही. एमबीबीएस पुरतं. गालातला पांढरा चट्टा ओळखायला बीडीएस पुरतं. गावात फिरणारी आशाताईसुद्धा शिकवलं तर हे विचारू शकते. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने आपल्या जिल्ह्यात गावोगावी जी तपासणीची कामं केली, त्यांचा पाया हाच आहे.

म्हणून त्या मुलीला माझं पुरं उत्तर असं. कॅन्सरचा तज्ज्ञ व्हायला साडेअकरा वर्षं लागतात, पण पहिला माणूस वाचवायला साडेपाच पुरतात. बंधपत्राची सेवा आली, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली की बरेच तरुण डॉक्टर ते वर्ष कसंबसं ढकलतात, पीजीची पुस्तकं टेबलाखाली ठेवून. मला त्यांची घाई कळते. पण भारतात वर्षाला कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण निघतात आणि नऊ लाखांहून जास्त माणसं दगावतात, हा २०२२ सालचा जागतिक अंदाज आहे. यातले किती जण आधी कुणा एमबीबीएससमोर खोकला, ताप, अशक्तपणा घेऊन बसून गेले असतील? ते वर्ष वाया जाणारं नाही. दत्तक कुटुंबांच्या घरी जाणंही नाही. 'घास उतरत नाय', 'तोंडाला झोंबतं', 'पाळी गेली तरी अंगावर जातं', ही वाक्यं कोणत्याही इंग्रजी पुस्तकात या शब्दांत मिळणार नाहीत. ती कानावर पडताच सावध होणारा डॉक्टर हवा आणि तो कान तुम्हाला आजीच्या ओटीवर आधीच मिळालाय. मुंबईच्या मुलाला तो कमवावा लागतो.

मुलींसाठी थोडं वेगळं, कारण प्रश्न विचारणारी मुलगी होती. एमबीबीएस होईपर्यंत घरचे खूश असतात. चोविसाव्या वर्षी पीजी म्हटलं की 'स्थळं कधी बघायची' सुरू होतं आणि डीएमचं नाव काढलं की आई बोलायची थांबते. हा अडथळा नीटपेक्षा छोटा नाही. घरात हा हिशेब आत्ताच, बारावीतच मांडून ठेवा. तिशीपर्यंत शिक्षण चालेल, पण एमडी-एमएसच्या वर्षांत विद्यावेतन मिळतं, म्हणजे पंचविशीनंतर घरून पैसे मागायची वेळ सहसा येत नाही. हे वडिलांना माहीत नसतं. त्यांच्या डोक्यात अकरा वर्षांची फी असते. आणि माझी आत्या ज्या कारणाने गप्प बसली, ते लेडी डॉक्टर समोर असती तर बहुधा अर्धं गळून पडलं असतं. हेही घरात सांगा.

नीट नाहीच निघाली तर? दोन ड्रॉप पुरे, तिसरा नको, हे माझं मत. कॅन्सरच्या इस्पितळात डॉक्टरांच्या बरोबरीने लागणारी माणसं खूप आहेत. फिजिक्समध्ये एमएस्सी करून पुढे रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका घेतली की मेडिकल फिजिसिस्ट होता येतं. अणुशक्तीनगरचं भाभा अणुसंशोधन केंद्र हा अभ्यासक्रम चालवतं. डॉक्टरने काढलेल्या रेषेवर नेमके किरण किती आणि कुठल्या कोनातून, हे गणित त्याचं. त्याच्याशिवाय रेडिएशनचं यंत्र चालवता येत नाही. रेडिएशन तंत्रज्ञ, कॅन्सरच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित नर्स, पेशी तपासणारे तंत्रज्ञ, ही सगळी कामं आहेत आणि त्यांना माणसं हवी आहेत.

शेवटी कामाचं. यंदा बारावीत असाल तर दिवाळीच्या सुट्टीत कागद गोळा करा. अधिवास, लागू असेल त्यांनी जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि प्रवेशाच्या फेरीत तीच नसते. सेतूवर मे महिन्यात गेलात तर रांग बाहेर रस्त्यावर असेल आणि सर्व्हर बंद असेल. आणि सुट्टीतली एक सकाळ सिव्हिलच्या ओपीडीबाहेर नुसती बसून काढा, अकरा वाजेपर्यंत. कुणाला काही विचारू नका. माणसं आपलं दुखणं एकमेकांना कसं सांगतात, तेवढं ऐका.